व्हाइटचॅपेलचे खून आणि हौशी संशोधकांचे तर्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपेल परिसरात १८८८ साली झालेल्या, ‘जॅक द रिपर’च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुनांवर गेली सव्वाशेहून अधिक वर्षे व्यावसायिक इतिहासकारांपेक्षा हौशी मंडळींनीच जास्त लिहिले आहे. त्यांच्या तर्कांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. खुनी कोण होता, हे या उत्तरांतून कळणार नाही. एखादा तर्क कशाच्या आधारावर उभा आहे आणि तो कोठे डळमळतो, हे मात्र कळावे अशी अपेक्षा आहे.

खून नेमके किती झाले?

पोलिसांच्या ‘व्हाइटचॅपेल खून’ या फाइलमध्ये अकरा प्रकरणे आहेत. पहिले एमा स्मिथ हिचे. तिच्यावर ३ एप्रिल १८८८ रोजी हल्ला झाला. शेवटचे फ्रान्सिस कोल्स हिचे. तिचा खून १३ फेब्रुवारी १८९१ रोजी झाला. यांपैकी पाच खून सामान्यतः एकाच माणसाचे मानले जातात: मेरी ॲन निकोल्स (३१ ऑगस्ट, बक्स रो), ॲनी चॅपमन (८ सप्टेंबर, हॅनबरी स्ट्रीट), एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरिन एडोज (दोघी ३० सप्टेंबरच्या एकाच रात्री, अनुक्रमे बर्नर स्ट्रीट आणि मायटर स्क्वेअर) आणि मेरी जेन केली (९ नोव्हेंबर, मिलर्स कोर्ट).

पाच हा आकडा इतका रूढ झाला आहे की तो पुराव्याने सिद्ध झालेला आहे असेच अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो दोन कागदांवर उभा आहे. पहिला कागद म्हणजे डॉक्टर टॉमस बाँड यांनी केलीच्या खुनानंतर दुसऱ्याच दिवशी दिलेला अहवाल; आधीच्या चार प्रकरणांत त्यांनी मुख्यतः इतरांच्या टिपणांवर भिस्त ठेवली होती. दुसरा कागद म्हणजे वरिष्ठ पोलीस अधिकारी सर मेलव्हिल मॅकनॉटन यांनी १८९४ साली लिहिलेले टिपण. मार्था टॅब्रम हिच्या अंगावर, ७ ऑगस्ट रोजी, एकोणचाळीस वार झाले होते, पण गळा चिरलेला नव्हता, म्हणून ती यादीबाहेर राहिली. स्ट्राइडचा गळा चिरला होता, पण बाकी देहाची विटंबना झालेली नव्हती, तरीही ती यादीत आहे. ही लवचीकता हौशी मंडळींच्या फार सोयीची ठरते. आवडता संशयित एखाद्या रात्री दुसऱ्या गावी होता असे सिद्ध झाले, की त्या रात्रीची बाईच यादीतून वगळली जाते.

बळी पडलेल्या स्त्रियांबद्दल काय माहीत आहे?

खुन्यापेक्षा पुष्कळ जास्त. निकोल्स ही छापखान्यात काम करणाऱ्याची दुरावलेली पत्नी आणि पाच मुलांची आई होती. चॅपमनचा नवरा गाडी हाकणारा होता. स्ट्राइडचा जन्म स्वीडनमधला. एडोज नुकतीच केंटमधून, हॉप्सची (बिअरमध्ये घालायच्या फुलांची) तोडणी करून, परतली होती. फक्त केलीच्या पूर्वायुष्याची तिने स्वतः सांगितलेली कहाणी आजवर कोणाला कागदोपत्री पडताळता आलेली नाही. व्हाइटचॅपेलमध्ये त्या वेळी खाटेचे भाडे घेऊन रात्रीपुरता निवारा देणारी २३३ घरे होती आणि त्यांत सुमारे साडेआठ हजार माणसे राहत, असा पोलिसांचाच हिशेब आहे. खाटेचे भाडे चार पेन्स होते. तेवढे पैसे जवळ नाहीत म्हणून निकोल्सला त्या रात्री बाहेर काढण्यात आले, तेव्हा डोक्यावरची नवी टोपी दाखवत ती म्हणाली होती की पैसे आत्ता घेऊन येते. चार पेन्सचा हा तपशील दरबारी कटकारस्थानाच्या कोणत्याही सिद्धांतापेक्षा या प्रकरणाबद्दल अधिक सांगतो, असे मला वाटते.

पोलिसांना तो का सापडला नाही? ते खरोखरच इतके निष्काळजी होते का?

नव्हते. ऑक्टोबर १८८८ मधील अहवालानुसार परिसरात ऐंशी हजार पत्रके वाटली गेली, घरोघर चौकशी झाली, सुमारे तीनशे लोकांच्या हालचाली तपासल्या गेल्या आणि सुमारे ऐंशी जणांना ताब्यात घेण्यात आले. वास घेऊन माग काढणाऱ्या कुत्र्यांचीही चाचणी झाली. कमतरता होती ती साधनांची. रक्त माणसाचे की जनावराचे, हे ओळखण्याची खात्रीची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी आली. खाटकांच्या वस्तीत ही उणीव लहान नव्हती. बोटांच्या ठशांचा विभाग स्कॉटलंड यार्डात १९०१ साली सुरू झाला. तसा विभाग कोलकात्यात १८९७ पासूनच होता आणि ठशांच्या वर्गीकरणाचे किचकट काम अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी केले होते. म्हणजे ही विद्या लंडनला हिंदुस्थानातून गेली, आणि गेली तीही या खुनांनंतर.

शिवाय हद्दीचा प्रश्न होताच. मायटर स्क्वेअर लंडनच्या मध्यवर्ती ‘सिटी’ भागाच्या स्वतंत्र पोलिसांकडे होता आणि बाकीची ठिकाणे महानगर पोलिसांकडे.

‘जॅक द रिपर’ हे नाव खुन्याने स्वतः घेतले होते का?

बहुधा नाही. या नावाने सही केलेले पहिले पत्र २७ सप्टेंबर रोजी एका वृत्तसंस्थेच्या कार्यालयात पोहोचले. सामान्य माणसाला वृत्तपत्राचे नाव सुचले असते. वृत्तसंस्थेचा पत्ता पत्रकारालाच सुचावा. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनीही पुढे हे काम पत्रकाराचेच असल्याचे मत नोंदवले. त्यानंतर तशी शेकडो पत्रे आली. त्यातले एकच गंभीरपणे घेण्यासारखे आहे: स्थानिक दक्षता समितीचे अध्यक्ष जॉर्ज लस्क यांना १६ ऑक्टोबर रोजी मिळालेले, अर्ध्या मूत्रपिंडासह आलेले. ते मूत्रपिंड एडोजचेच होते, हे तेव्हाही सिद्ध झाले नाही.

पत्रांतील हस्ताक्षर, शब्दरचना किंवा लाळ यांवर उभारलेला कोणताही तर्क वाचताना हे ध्यानात ठेवावे. चित्रकार वॉल्टर सिकर्ट याच्याविरुद्ध एका अमेरिकी कादंबरीकार बाईंनी प्रचंड खर्च करून पत्रांवरील डीएनए तपासून घेतला. तो जुळला असे घटकाभर मानले, तरी सिकर्टने एक खोटे पत्र लिहिले, एवढेच त्यातून निघेल. त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस तो बहुतेक काळ फ्रान्समध्ये होता, असे घरच्या पत्रव्यवहारावरून दिसते.

मॅकनॉटन यांनी तीन नावे लिहून ठेवली आहेत. मग शोध तिथेच का थांबत नाही?

कारण टिपण ज्या हेतूने लिहिले गेले तो हेतू खुनी शोधण्याचा नव्हता. एका वृत्तपत्राने टॉमस कटबुश नावाच्या वेड्या इसमावर संशय घेतला होता; तो निराधार आहे हे दाखवताना मॅकनॉटन यांनी त्याच्याहून अधिक संशयास्पद अशा तिघांचा उल्लेख केला. ते स्वतः पोलीस खात्यात जून १८८९ मध्ये आले, म्हणजे पाचवा खून होऊन सात महिने उलटल्यावर.

पहिले नाव माँटेग्यू ड्रूइट. टिपणात तो सुमारे एक्केचाळीस वर्षांचा डॉक्टर आहे. वास्तवात तो एकतीस वर्षांचा वकील आणि शाळामास्तर होता. त्याचे प्रेत ३१ डिसेंबर १८८८ रोजी थेम्स नदीत सापडले, आणि ‘खून थांबले त्याच सुमारास हा मेला’ हाच त्याच्याविरुद्धचा मुख्य मुद्दा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, त्यावरून कावळ्याला दोषी ठरवण्यासारखे हे आहे. नुकतीच गेलेली नोकरी, वेड्यांच्या इस्पितळात असलेली आई आणि ‘मीही आईसारखाच होणार’ अशी मागे ठेवलेली चिठ्ठी, ही आत्महत्येला पुरेशी कारणे होती. चॅपमनच्या खुनाच्या दिवशी सकाळी साडेअकराला तो ब्लॅकहीथला क्रिकेट खेळत होता. ही काही निर्दोषत्वाची खात्री नव्हे, कारण मध्ये पाच-सहा तास मिळतात. पण इतका शांत डाव मांडणारा खुनी कल्पनेत बसवावा लागतो.

तिसरे नाव मायकेल ऑस्ट्रॉग. हा भुरटा तोतया १८८८ च्या त्या महिन्यांत फ्रान्समधील तुरुंगात होता, हे शंभर वर्षांनंतर उघड झाले. मधले नाव कॉस्मिन्स्की. त्याला स्वतंत्र उत्तर हवे.

डीएनएने कॉस्मिन्स्की हाच खुनी असल्याचे सिद्ध झाले, असे वाचले. ते खरे का?

नाही. ॲरन कॉस्मिन्स्की हा पोलंडहून आलेला ज्यू न्हावी. त्याला १८९१ साली कोल्नी हॅच येथील वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्यात आले आणि १९१९ साली तो तशाच एका संस्थेत वारला. त्याच्या आडनावाला पोलिसी आधार आहे, हे मान्य करावे लागेल: मॅकनॉटन यांच्याखेरीज मुख्य तपास अधिकारी डोनाल्ड स्वॉन्सन यांनीही आपल्या जवळच्या पुस्तकाच्या समासात ते लिहून ठेवले होते. परंतु तेथेही संशयित इस्पितळात गेल्यावर लवकरच मेला असे म्हटले आहे, आणि ॲरन तर पुढे अठ्ठावीस वर्षे जगला.

डीएनएचा दावा एका रेशमी शालीवर अवलंबून आहे. ती २००७ साली लिलावात विकली गेली आणि एडोजच्या प्रेताजवळून एका पोलिसाने ती घरी नेली, अशी त्या कुटुंबातली कथा. तो पोलीस महानगर दलाचा, खून सिटीच्या हद्दीत. एडोजच्या अंगावरील व जवळील वस्तूंची यादी इतकी बारकाईची आहे की तीत चहा-साखरेचे डबे, गहाणाच्या पावत्या आणि एक लाल हातमोजाही आहे; शाल नाही. पुढे ही शाल कितीएक जणांनी हाताळली. तपासला गेला तो आईकडून मुलांकडे येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए, आणि तो एका माणसाचा नसून हजारोंचा समाईक असतो. २०१४ साली एक अतिदुर्मीळ बदल सापडल्याची घोषणा झाली. तो बदल चुकीच्या क्रमांकाने नोंदवला होता. योग्य क्रमांकाने पाहिले तर तो युरोपीय वंशाच्या जवळजवळ प्रत्येकात आढळतो, हे तज्ज्ञांनी दाखवून दिले. २०१९ च्या शोधनिबंधात जनुकीय क्रम छापण्याऐवजी रंगीत चौकोन छापले होते, त्यामुळे इतरांना पडताळणीच करता येईना.

राजघराण्याचा संबंध होता का?

हा तर्क १९७० साली एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकाच्या लेखाने पसरला. त्याने नाव घेतले नाही, पण वर्णन राणी व्हिक्टोरियाचा नातू राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर याच्याशी जुळत होते. दरबारी नोंदींप्रमाणे ३० सप्टेंबरला राजपुत्र स्कॉटलंडमध्ये बाल्मोरलला होता. गुप्तरोगाने वेडा होऊन कोंडून ठेवल्याचे ज्याच्याविषयी सांगतात, तोच राजपुत्र १८८९-९० च्या हिवाळ्यात हिंदुस्थानचा जाहीर दौरा करत होता आणि १८९२ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत न्यूमोनियाने गेला.

मग कथा बदलली: राजपुत्राचे गुप्त लग्न, ते ठाऊक असलेल्या स्त्रिया, आणि त्यांना संपवणारे राजवैद्य सर विल्यम गल. १८८८ साली गल एकाहत्तर वर्षांचे होते आणि आदल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला होता. ही कथा ज्याने सांगितली त्यानेच १९७८ साली ती बनावट असल्याचे कबूल केले. तरी ती मरत नाही. उंच टोपी, घोडागाडी आणि धुके यांची जोडी पडद्यावर फारच शोभून दिसते, हेच कारण असावे.

इतर प्रसिद्ध व्यक्तींची नावे?

त्यांवर फार वेळ घालवू नये. लेखक लुईस कॅरल याला त्याच्या मजकुरातील अक्षरे उलटसुलट जुळवून खुनी ठरवण्यात आले; या रीतीने ज्ञानेश्वरीतूनही कबुलीजबाब काढता येईल. विषप्रयोग करणारा टॉमस नील क्रीम १८८१ पासून १८९१ पर्यंत अमेरिकेतील इलिनॉय राज्यात तुरुंगात होता.

लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची रोजनिशी खरी आहे का?

कापसाचा व्यापारी जेम्स मेब्रिक १८८९ साली मेला आणि त्याच्या खुनाबद्दल पत्नी फ्लॉरेन्स दोषी ठरली. त्याची म्हणून सांगितली जाणारी, व्हाइटचॅपेलच्या खुनांची कबुली देणारी रोजनिशी १९९२ साली एकाएकी पुढे आली. ज्याने ती आणली त्याने १९९५ साली ती आपणच रचल्याचे शपथेवर सांगितले आणि नंतर ते नाकारलेही. वहीची सुरुवातीची पाने फाडलेली आहेत, हस्ताक्षर मेब्रिकच्या ज्ञात हस्ताक्षराशी जुळत नाही. शाईवरचे वाद चालू राहोत. वही कोठून आली हेच ठरत नसताना शाईला फारसे महत्त्व देता येत नाही.

गाडीवान लेचमिअरचा तर्क सध्या बराच गाजतो आहे. तो कितपत पटण्यासारखा?

अलीकडच्या तर्कांत हा सर्वांत काळजीपूर्वक मांडलेला आहे, म्हणून तो सविस्तर पाहावा. चार्ल्स लेचमिअर हा माल वाहणारा गाडीवान कामावर जाताना बक्स रोमध्ये निकोल्सच्या देहाजवळ उभा होता. मागून रॉबर्ट पॉल नावाचा दुसरा गाडीवान आला तेव्हा त्याने त्याला हाक मारली. दोघे मिळून पुढे गेले आणि वाटेत भेटलेल्या पोलिसाला त्यांनी खबर दिली. चौकशीत लेचमिअरने आपले आडनाव क्रॉस असे सांगितले. घरून निघण्याची त्याने सांगितलेली वेळ आणि पॉल येण्याची वेळ यांत काही मिनिटे उरतात, आणि कामावर जाण्याची त्याची वाट खुनांच्या परिसरातूनच जात होती.

आता दुसरी बाजू. क्रॉस हे त्याच्या पोलीस असलेल्या सावत्र वडिलांचे आडनाव होते आणि लहानपणच्या जनगणनेत त्याची नोंद त्याच नावाने आहे. लपायचे असते तर त्याने घराचा पत्ता आणि ज्याच्याकडे वीस वर्षे काम केले त्या मालकाचे नाव खरे सांगितले नसते. ‘उरलेली मिनिटे’ ही ‘साधारण साडेतीनला’ अशा अंदाजी शब्दांतून काढलेली आहेत. घड्याळ नसलेल्या माणसाच्या ‘साधारण’मध्ये पाच-दहा मिनिटे सहज मावतात. आणि प्रेत सापडायचे तर ते कोणाला तरी सापडणारच. पहाटे त्या रस्त्याने जाणारे बहुतेक सारे कामगारच होते. तर्क हुशारीचा आहे. पुरावा म्हणून त्यात एकच गोष्ट शिल्लक राहते: तो तेथे होता.

एखाद्या खुनाच्या वेळेवरून इतका वाद का होतो?

चॅपमनचे प्रकरण हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिचे प्रेत सकाळी सहाच्या जरा आधी, हॅनबरी स्ट्रीटवरील २९ क्रमांकाच्या घरामागच्या अंगणात सापडले. साडेसहाला पोहोचलेल्या डॉक्टर फिलिप्स यांनी मृत्यू निदान दोन तास आधी, म्हणजे साडेचारच्या सुमारास किंवा त्याआधी, झाल्याचे सांगितले. परंतु जॉन रिचर्डसन पावणेपाचच्या सुमारास त्याच अंगणाच्या पायरीवर बसून बुटाचे कातडे कापत होता आणि त्याला प्रेत दिसले नाही. शेजारच्या अंगणातील आल्बर्ट कडॉश याने सव्वापाचनंतर ‘नाही’ असा आवाज आणि कुंपणावर काही आदळल्याचे ऐकले. एलिझाबेथ लाँग हिने साडेपाचला, बिअर बनवण्याच्या कारखान्याच्या घड्याळाचे ठोके ऐकता ऐकता, घरासमोर चॅपमनला एका पुरुषाशी बोलताना पाहिले. कडॉश आणि लाँग यांच्या वेळाही एकमेकींशी नीट जुळत नाहीत. डॉक्टरांनी स्वतःच थंड हवेमुळे अंदाज चुकू शकेल अशी पुस्ती जोडली होती.

कॉरोनरने साक्षीदारांच्या बाजूने कौल दिला. (मुंबईकरांना हे पद परके नाही, १८७१ च्या कायद्याने मुंबईतही कॉरोनर असे आणि संशयास्पद मृत्यूची चौकशी त्याच्यापुढे चाले.) आता गंमत पाहा. लेचमिअरला पहाटे चारला कामावर हजर व्हायचे होते, म्हणून त्याचे समर्थक डॉक्टरांची वेळ उचलून धरतात आणि तिघाही साक्षीदारांना चुकीचे किंवा खोटे ठरवतात. ज्यांचा संशयित साडेपाचला मोकळा होता, ते डॉक्टरांना अडाणी ठरवतात. वाचकाने एवढेच विचारावे: या लेखकाने वेळ आधी ठरवली की माणूस?

खुन्याला शरीरशास्त्राचे ज्ञान होते का?

फिलिप्स यांना काही ज्ञान दिसले. बाँड यांना खाटकाइतकेही दिसले नाही. बाँड यांनी स्वतः तपासलेले प्रेत मात्र केलीचेच होते.

गूल्स्टन स्ट्रीटच्या भिंतीवरील मजकुराचा अर्थ काय?

३० सप्टेंबरच्या पहाटे २ वाजून ५५ मिनिटांनी एका शिपायाला तेथील दारात एडोजच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा सापडला आणि वर भिंतीवर खडूने लिहिलेली, ज्यूंना दोष देणारी की दोषमुक्त करणारी हे न कळणारी, एक ओळ दिसली. दंगल होईल या भीतीने पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी ती छायाचित्र न काढताच पुसायला लावली. ‘ज्यू’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग विचित्र होते, त्यावरून गुप्त संघटनांच्या संकेतांचा मोठा इमला रचला गेला. मात्र उतरवून घेणाऱ्यांतही शब्दांच्या क्रमावर एकमत नाही. एप्रनचा तुकडा हा पुरावा आहे. ओळ आधीपासून तेथे होती का, हेच ठरलेले नाही.

हौशी मंडळींनी खरोखर काही भर घातली आहे का?

पुष्कळ, आणि तिथेच त्यांचा मान आहे. १९१३ साली निवृत्त अधिकारी जॉन लिटलचाइल्ड यांनी लिहिलेले पत्र, ज्यात अमेरिकी भोंदू वैद्य टंबल्टी याचे नाव संशयित म्हणून येते आणि वृत्तसंस्थेच्या पत्रकारांवर बोट ठेवलेले आहे, ते १९९३ साली एका संग्राहकाने उजेडात आणले. ड्रूइटचे क्रिकेटचे धावफलक, ॲरनच्या इस्पितळाच्या नोंदी, लेचमिअरचे खरे आडनाव, हे सारे जुन्या नोंदी धुंडाळणाऱ्यांचे श्रम आहेत. नाव घेऊन निघालेला माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. कागद शोधायला निघालेला काही तरी घेऊन येतो.

माझ्याकडे नवा संशयित आहे. सुरुवात कोठून करावी?

आधी कळस मग पाया, असे करू नये. लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात पोलिसांचे व गृहखात्याचे उरलेसुरले कागद आहेत. कॉरोनरपुढील चौकशीचे मूळ कागद एडोज आणि केली यांचेच टिकले आहेत; बाकीच्यांची चौकशी वृत्तपत्रांच्या वृत्तांतांतून जुळवावी लागते आणि दोन वृत्तपत्रांत एकच साक्ष वेगळी छापलेली सापडते. तेव्हा एकाच वृत्तपत्रावर विसंबू नये.

मग आपला माणूस त्या पाच तारखांना कोठे होता ते शोधावे, आणि तो दुसरीकडे होता हे दाखवणारा पुरावा मुद्दाम शोधावा. तुरुंगाची हजेरीपटे, जहाजांच्या प्रवासी याद्या, इस्पितळांच्या नोंदी, न्यायालयातील उपस्थिती, क्रिकेटचे धावफलकसुद्धा पाहावेत. ऑस्ट्रॉग असाच संशयातून सुटला. काहीच सापडले नाही, तर आपला माणूस त्या शरद ऋतूत लंडनमध्ये असलेल्या काही लाख पुरुषांपैकी एक ठरतो, आणि तेथून पुढे त्याला व्हाइटचॅपेलच्या एखाद्या विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट रात्री आणून उभे करणारा कागद लागतो. तसा कागद फार थोड्यांबाबत आहे, उदाहरणार्थ गाडीवान लेचमिअरबाबत, आणि तोही त्याने स्वतः चौकशीत हजर राहून दिलेल्या साक्षीचा.